पेरीची जपान मोहीम आणि अमेरिकी लेखक: खरे धागे कुठे आहेत

प्रश्न थोडक्यात असा: १८५३-५४ मध्ये अमेरिकी आरमाराचा ताफा घेऊन बंद जपानचं दार उघडायला गेलेल्या कमोडोर पेरीने परतताना मोहिमेचा वृत्तान्त लिहिण्याचं काम कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्नला देऊ केलं, हॉथॉर्नने ते नाकारलं आणि हर्मन मेलव्हिलचं नाव सुचवलं, हे खरं का? आणि मेलव्हिलच्या 'मोबी-डिक' या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीमुळे अमेरिकेचं लक्ष जपानकडे वळलं असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

पहिली गोष्ट घडली आहे, पण 'नाकारलं' हा शब्द तिथे बसत नाही. का ते पुढे येईल. दुसरी गोष्ट खरी नाही, आणि ती खोडायला तारखा पुरतात. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांच्या नावाने जपानच्या सम्राटाला धाडायच्या पत्राचा पहिला मसुदा परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टरने मे १८५१ मध्ये तयार केला. ते पत्र नेण्यासाठी कमोडोर जॉन ऑलिकची नेमणूक झाली. 'मोबी-डिक' लंडनला 'द व्हेल' या नावाने १८ ऑक्टोबर १८५१ रोजी निघाली आणि न्यूयॉर्कला १४ नोव्हेंबरला. म्हणजे वाचकांच्या हाती कादंबरी पडण्याआधीच मोहीम ठरली होती. पुढे ऑलिकला परत बोलावलं आणि काम मॅथ्यू कॅलब्रेथ पेरीकडे आलं. शिवाय कादंबरी खपलीही नाही. मेलव्हिलच्या हयातीत अमेरिकेत तिच्या तीन हजारांहून थोड्याच अधिक प्रती विकल्या गेल्या. तिने सरकारी धोरण हलवलं असं म्हणायला जागाच नाही.

तरीही दोन्हींत जपान आहे, कारण दोन्ही एकाच धंद्यातून आली: देवमाशाच्या तेलाच्या. साधारण १८२० पासून अमेरिकी आणि इंग्रज व्हेल-शिकारी जहाजं जपानच्या पूर्वेकडच्या समुद्रात जाऊ लागली. त्या पट्ट्याला ते 'जपान ग्राउंड्स' म्हणत. जहाज फुटलं, पाणी संपलं, कोणी पळून गेलं, की जवळचा किनारा जपानचा, आणि जपानने परक्यांना दार बंद ठेवलेलं. आणि तिथे उतरलेल्याला कोठडी. १८४५ मध्ये 'मॅनहॅटन' या शिकारी जहाजाचा कप्तान मर्केटर कूपर समुद्रात सापडलेल्या २२ जपानी लोकांना घेऊन एडोच्या (आजच्या टोकियोच्या) आखातात गेला. त्याला अन्नपाणी देऊन, पुन्हा येऊ नका असं सांगून परत धाडलं. १८४६ मध्ये कमोडोर जेम्स बिडल दोन युद्धनौका घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने आला. १८४९ मध्ये कमांडर जेम्स ग्लिन 'प्रेबल' नौकेवरून नागासाकीला गेला आणि 'लॅगोडा' या शिकारी जहाजाचे कोठडीतले खलाशी सोडवून आणले. या बातम्या अमेरिकी वर्तमानपत्रांत गाजत होत्या. 'मोबी-डिक'च्या २४व्या प्रकरणात मेलव्हिल म्हणतो की दुहेरी कड्या घातलेला तो जपान देश कधी पाहुणचार करणारा झालाच, तर त्याचं श्रेय एकट्या व्हेल-शिकारी जहाजाला जाईल, कारण ते आधीच उंबरठ्यावर पोचलं आहे. या वाक्याला भाकीत समजण्यात अर्थ नाही. त्या वर्षी वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही उंबरठ्यावरचं ते जहाज दिसत होतं.

कादंबरीतला जपान मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. कादंबरीतल्या कप्तान एहॅबचा पाय जपानच्या समुद्रात गेला. त्याच्या 'पीक्वॉड' जहाजाच्या मूळ डोलकाठ्या जपानजवळच्या वादळात पडल्या आणि आताच्या तिथल्याच किनाऱ्यावर तोडलेल्या लाकडाच्या आहेत. १०९व्या प्रकरणात तेलाची पिंपं गळताहेत हे सांगायला त्याचा दुय्यम अधिकारी स्टारबक केबिनमध्ये येतो, तेव्हा एहॅबपुढे जपानी बेटांचा नकाशा पसरलेला असतो: निफॉन, मात्समाई, सिकोके. होकायंत्राची दिशा उलटवणारं टायफून याच समुद्रात येतं. पण या सगळ्यात कोणी जपानी जमिनीवर पाऊल ठेवत नाही, एकही जपानी अधिकारी दिसत नाही. मेलव्हिलचा जपान म्हणजे समुद्र आहे. फिलमोर यांच्या पत्रातल्या मागण्या जमिनीवरच्या होत्या: मैत्री, व्यापार, कोळसा आणि अन्नपाण्याचा पुरवठा, फुटलेल्या जहाजांवरच्या माणसांना संरक्षण. 'मोबी-डिक' हे पेरीच्या मोहिमेचं रूपक आहे असं लिहिणारे लोक हा फरक पुसून टाकतात, आणि पुस्तक व इतिहास दोन्ही गढूळ करतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा संबंध रूपकांत शोधू नये. तो माणसांत, नेमणुकांत आणि कागदांत आहे. त्या काळातलं अमेरिकी आरमार लहान होतं, लेखकांचं वर्तुळही लहान होतं, आणि दोन्हींत तीच आडनावं फिरत होती.

सुरुवात आरमारमंत्र्यांपासून करा. १८३८ ते १८४१ या पदावर होता जेम्स कर्क पॉल्डिंग, वॉशिंग्टन अर्व्हिंगचा जुना लेखक-मित्र. आरमारी अधिकारी विल्क्सची प्रशांत महासागराची संशोधन मोहीम त्याच्याच कारकिर्दीत निघाली, आणि तिचा छापील वृत्तान्त मेलव्हिलने पुढे वापरला. १८४५-४६ मध्ये जॉर्ज बॅनक्रॉफ्ट, अमेरिकेच्या इतिहासाचा प्रसिद्ध लेखक. अॅनापोलिसची नौदल शाळा त्याने काढली. हाच बॅनक्रॉफ्ट आधी बोस्टन बंदराच्या जकातीचा प्रमुख असताना हॉथॉर्नला जकात कचेरीत नोकरी मिळाली होती. बिडलची जपान-फेरी बॅनक्रॉफ्टच्या काळातली. जपानशी बोलणी करण्याचा अधिकार मुळात दिला होता अलेक्झांडर एव्हरेटला, जो 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकाचा माजी संपादक. तो वाटेत आजारी पडला म्हणून काम बिडलकडे गेलं. आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये पेरी नॉरफोकहून निघाला तेव्हा आरमारमंत्री होता जॉन पेंडलटन केनेडी: 'स्वॉलो बार्न'चा कादंबरीकार, आणि १८३३ मध्ये बाल्टिमोरच्या कथास्पर्धेत परीक्षक म्हणून एडगर अॅलन पोला पहिलं बक्षीस देणाऱ्यांपैकी एक. वेब्स्टरचा मसुदा वाढवून पेरीच्या हाती दिलेलं अखेरचं पत्र तयार केलं एडवर्ड एव्हरेटने. तो अलेक्झांडरचा भाऊ, हार्वर्डचा माजी प्राध्यापक, निबंधकार इमर्सनचा शिक्षक. सम्राटाच्या नावचं हे पत्र एका नामांकित गद्यलेखकाच्या हातचं आहे, हे लक्षात ठेवून ते वाचलं की त्याचा गोडवा आणि त्यातला दाब दोन्ही जाणवतात.

आता पेरीचं घर. इथे प्रकरण कडू होतं आणि इथेच ते सगळ्यात उपयोगी आहे.

मॅथ्यूचा थोरला भाऊ ऑलिव्हर हॅझर्ड पेरी हा १० सप्टेंबर १८१३ च्या लेक ईरीच्या लढाईचा वीर. त्या लढाईत त्याचा दुय्यम अधिकारी जेसी एलियट याने आपलं जहाज मुद्दाम मागे ठेवलं, असा पेरी घराण्याचा आरोप. १८३९ मध्ये कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपरने अमेरिकी आरमाराचा इतिहास छापला आणि त्यात एलियटला दोष दिला नाही. कूपर तरुणपणी स्वतः आरमारात मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, होता, त्यामुळे त्याचा शब्द वजनदार. पेरींच्या बाजूने उत्तर दिलं अलेक्झांडर स्लायडेल मॅकेन्झीने. तो आरमारी अधिकारी, स्पेनवरच्या गाजलेल्या प्रवासपुस्तकाचा लेखक, आणि मॅथ्यू पेरीच्या बायकोचा भाऊ. १८४० मध्ये त्याने ऑलिव्हर पेरीचं चरित्र लिहिलं. कूपरने १८४३ मध्ये लेक ईरीवर वेगळी पुस्तिका लिहून टोला परत केला.

मधल्या काळात, १ डिसेंबर १८४२ रोजी, मॅकेन्झीने 'सोमर्स' या प्रशिक्षण-नौकेवर बंडाच्या संशयावरून तिघांना फासावर चढवलं. त्यांपैकी फिलिप स्पेन्सर हा तेव्हाच्या युद्धमंत्र्याचा मुलगा. ही नौका म्हणजे मॅथ्यू पेरीने हिरिरीने पुरस्कारलेल्या उमेदवार खलाशांच्या योजनेतलं जहाज, आणि पेरीचे दोन मुलगेही तिच्यावर होते. कोर्ट-मार्शलमध्ये मॅकेन्झी सुटला. कूपरने खटल्याच्या छापील कागदपत्रांना लांबलचक टीका जोडून त्याला सोडलं नाही. 'सोमर्स'वरचा फर्स्ट लेफ्टनंट होता गर्ट गान्सव्होर्ट, हर्मन मेलव्हिलचा सख्खा मामेभाऊ. १८५० च्या 'व्हाइट-जॅकेट'मध्ये मेलव्हिलने 'सोमर्स'चा उल्लेख केला, आणि आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या, १९२४ मध्ये छापल्या गेलेल्या 'बिली बड'मध्येही ते नाव येतं. 'व्हाइट-जॅकेट' हे युद्धनौकेवरच्या फटक्यांच्या शिक्षेविरुद्धचं पुस्तक. मेलव्हिल १८४३-४४ मध्ये 'युनायटेड स्टेट्स' या फ्रिगेटवर साधा खलाशी होता आणि त्याने जे लिहिलं ते पाहून लिहिलं.

हे इतकं सविस्तर सांगतो कारण पुढच्या भेटीचं स्पष्टीकरण यात आहे.

हॉथॉर्न आणि पेरी यांच्यामधला दुवा म्हणजे होरेशिओ ब्रिज. बोडन कॉलेजातला हॉथॉर्नचा जिवलग मित्र, आरमारात पर्सर, म्हणजे जहाजाचा खजिना आणि पुरवठा सांभाळणारा. १८४३-४४ मध्ये तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ताफ्यात 'सॅराटोगा' नौकेवर होता; त्या ताफ्याचा प्रमुख मॅथ्यू पेरी. ब्रिजची रोजनिशी हॉथॉर्नने नीट केली आणि १८४५ मध्ये 'जर्नल ऑफ अॅन आफ्रिकन क्रूझर' म्हणून छापली. मुखपृष्ठावर लेखक फक्त 'आरमारातला एक अधिकारी', नाव छापलं संपादक हॉथॉर्नचं. पुढच्या वर्षी मेलव्हिलचं 'टाइपी' त्याच प्रकाशकाच्या त्याच मालिकेत आलं. तेव्हा १८५४ मध्ये पेरीच्या मनात हॉथॉर्नचं नाव आलं ते केवळ कादंबरीकार म्हणून नव्हे; आरमारी रोजनिशी सुबक करून देणारा माणूस म्हणून त्याच्या कामाचा नमुना समोर होता. आणि तीच 'सॅराटोगा' १८५३ मध्ये पेरीबरोबर जपानला गेलेल्या चार जहाजांत आहे. याआधी, १८३७ मध्ये, ब्रिज आणि त्यांचा कॉलेजचा सोबती फ्रँकलिन पिअर्स यांनी हॉथॉर्नला दक्षिण समुद्राच्या मोहिमेचा इतिहासकार म्हणून नेमून घेण्याची खटपट केली होती. ती फसली. पिअर्स १८५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याचं निवडणुकीचं चरित्र लिहिणाऱ्या हॉथॉर्नला लिव्हरपूलचं वकिलातीचं पद मिळालं.

पेरी हाँगकाँगहून डाकेच्या आगबोटीने युरोपमार्गे घरी निघाला होता. हेगला त्याचा जावई ऑगस्ट बेल्माँट अमेरिकेचा दूत होता. तिथून इंग्लंड, आणि लिव्हरपूलहून न्यूयॉर्कचं जहाज. २८ डिसेंबर १८५४ रोजी तो हॉथॉर्नला भेटला. हॉथॉर्नच्या टिपणवहीत जे आहे त्याचा आशय असा: पेरीने विचारलं, माझी टिपणं आणि कागद घेऊन प्रवासवृत्तान्त तयार करील असा योग्य माणूस सुचवाल का? मनातल्या मनात मी तुम्हालाच नेमलं होतं, पण तुमच्या सरकारी कामामुळे ते शक्य नाही हे उघड आहे. हॉथॉर्नने मेलव्हिलचं आणि आणखी एकदोघांचं नाव काढलं. पेरीला चालू साहित्याची बरीच माहिती दिसली आणि कोणत्याच नावावर तो फारसा उत्सुक झाला नाही. हॉथॉर्नलाही कुणाची पूर्ण खात्रीने शिफारस करवेना. पुढे त्याने नोंदवलं की तरुण लेखकाला, किंवा म्हाताऱ्यालाही, हे काम हवंहवंसं वाटावं, कारण जपानइतका न वापरलेला विषय जगात क्वचितच शिल्लक असेल.

म्हणजे रीतसर देकार नव्हता आणि नकारही नव्हता. पेरीने प्रश्न विचारतानाच उत्तर देऊन टाकलं होतं. मेलव्हिलचं नाव का मागे पडलं हे वहीत लिहिलेलं नाही. माझं अनुमान वर मांडलेल्या घरगुती भांडणावर उभं आहे: 'सोमर्स' आणि फटके यांवर लिहिणारा लेखक पेरीला आपल्या कागदांजवळ नको असणार. दुसरं कारण साधं आहे. १८५२ च्या 'पिएर' कादंबरीनंतर समीक्षकांनी मेलव्हिलला झोडपलं होतं, आणि चालू साहित्य जाणणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच. त्याच सुमारास मेलव्हिलच्या घरच्यांनी पिअर्स सरकारकडे वकिलातीच्या नोकरीसाठी खटपट केली आणि तीही फळली नाही. या माणसाला ते काम मिळायला हवं होतं, याची हळहळ मला दर वेळी वाटते.

काम मिळालं फ्रान्सिस हॉक्सला. न्यूयॉर्कचा एपिस्कोपल पाद्री, धर्मसंस्थेचा इतिहास लिहिलेला, भरवशाचा माणूस. तीन मोठे खंड सरकारी खर्चाने वॉशिंग्टनला १८५६ पासून निघाले. शीर्षकपानावरच लिहिलं आहे की हा ग्रंथ कमोडोर पेरी आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या मूळ टिपणांवरून, त्याच्या विनंतीवरून आणि त्याच्या देखरेखीखाली तयार केला. या 'देखरेखीखाली'वर सगळं वाचन अवलंबून आहे. ग्रंथात 'कमोडोर' तृतीय पुरुषात वावरतो, पण आवाज पुष्कळदा त्याचाच आहे. पेरीची स्वतःची रोजनिशी १९६८ मध्ये स्वतंत्र छापली गेली. दोन्ही समोर ठेवले की कुठे वाक्य तसंच उचललं आणि कुठे गुळगुळीत केलं ते दिसतं.

पेरीने आधीच हुकूम काढला होता: मोहिमेत कोणीही लिहिलेली रोजनिशी सरकारची मालमत्ता, परतल्यावर आरमार खात्याकडे जमा करायची. याचा फटका बसला बेयार्ड टेलरला. तो न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'चा लोकप्रिय प्रवासलेखक. मे १८५३ मध्ये शांघायला तो पेरीला भेटला. बिगर-आरमारी माणसाला जहाजावर जागा नव्हती, म्हणून 'मास्टर्स मेट' या कनिष्ठ हुद्द्यावर भरती होऊन तो निघाला. रोजनिश्या जमा कराव्या लागल्या, आणि १८५५ चं 'अ व्हिजिट टू इंडिया, चायना अँड जपान' त्याने 'ट्रिब्यून'ला धाडलेल्या पत्रांच्या आधाराने उभं केलं. मराठी वाचकाला या पुस्तकाची सुरुवात जवळची वाटेल: १८५२ संपता संपता टेलर मुंबईला उतरला, घारापुरीची लेणी पाहिली आणि टपालाच्या गाडीतून इंदूरच्या रस्त्याने उत्तरेकडे गेला. पेरीच्या मोहिमेवरचं अमेरिकेत पुष्कळ वाचलं गेलेलं हे खासगी लेखन मुंबई बंदरातून सुरू होतं. दुसरा धागा छापखान्याचा. पेरीचा चिनी भाषेचा दुभाषी सॅम्युएल वेल्स विल्यम्स हा कँटनला अमेरिकन मिशन बोर्डाचा मुद्रक म्हणून आला होता, आणि अहमदनगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' काढणारं अमेरिकन मराठी मिशन त्याच बोर्डाचं. विल्यम्सची जपानची रोजनिशी १९१० मध्ये छापली गेली. पेरीच्या वागणुकीबद्दल नैतिक अस्वस्थता तिच्याइतकी उघड दुसरीकडे सापडत नाही.

आता हे वाचायचं कसं. सगळे खंड पहिल्या पानापासून वाचायला घेतलेत तर मधेच सुटतील. एकच दिवस घ्या: १४ जुलै १८५३, कुरिहामाच्या किनाऱ्यावर पत्र सुपूर्द केलं तो. आधी हॉक्स, मग टेलर, मग 'मिसिसिपी'वरचा कारकून स्पाल्डिंग (त्याचं पुस्तकही १८५५ चं), शेवटी विल्यम्स. प्रत्येकात चार गोष्टी शोधा: किती माणसं उतरली, जपानी सैन्य किती दिसलं, पत्राची पेटी कोणी धरली, आणि तंबूत कोण किती बोललं. हॉक्सकडे सोहळा आहे, टेलरकडे रंग, विल्यम्सकडे शब्द आणि त्यांचे अर्थ. टेलरला १८५४ च्या तहासाठी साक्षीदार म्हणून वापरू नका. तो पहिल्या फेरीनंतर निघून गेला, ३१ मार्च १८५४ ला कानागावाचा तह झाला तेव्हा तो तिथे नव्हता. ही चूक चांगल्या लेखांतही आढळते.

तारखांची चूक त्याहून जास्त होते. जपानी कागदांत पेरीचं आगमन कायेई (जपानी कालगणनेतलं पर्व) ६, सहावा महिना, तिसरा दिवस असं आहे. ते ३ जून नव्हे. ते चांद्र पंचांग आहे आणि तो दिवस ८ जुलै १८५३. तहाची तारीख कायेई ७, तिसरा महिना, तिसरा दिवस, म्हणजे ३१ मार्च १८५४. तिथी आणि तारीख वेगळी असते हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही, तरी भाषांतरं वाचताना भान सुटतं.

नावांचा घोळ तिसरा. निफॉन म्हणजे होन्शू, लू-चू म्हणजे र्युक्यू बेटं, येडो म्हणजे एडो, मात्समाई म्हणजे मात्सुमाए. 'प्लिमथ' दोन आहेत: १८४८ मध्ये ज्या शिकारी जहाजावरून रॅनल्ड मॅकडोनाल्ड मुद्दाम होडीत बसून जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर गेला ते, आणि १८५३ ची पेरीची युद्धनौका. दोघांचा काही संबंध नाही. पण मॅकडोनाल्डचा पेरीशी आहे: नागासाकीच्या कैदेत त्याने ज्या दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं त्यांतला मोरियामा एइनोसुके १८५४ च्या वाटाघाटींत मुख्य दुभाषी होता. आणि 'चार आगबोटी' हेही चूक. चारांपैकी 'सस्क्वेहॅना' आणि 'मिसिसिपी' या दोनच वाफेवर चालणाऱ्या, बाजूला चाकं असलेल्या. 'सॅराटोगा' आणि 'प्लिमथ' शिडाच्या. चारांचा आकडा पक्का झाला तो एका जपानी विडंबन-कवितेमुळे. तिच्यात 'जोकिसेन' या शब्दावर श्लेष आहे, एक अर्थ उंची चहा, दुसरा आगबोट: चार पेले घेतले आणि रात्रभर झोप उडाली.

हुद्द्यांकडे नीट पाहा, कारण वृत्तान्तातलं सगळ्यात मोठं कल्पित तिथे आहे. हॉक्समध्ये उरागाचा 'गव्हर्नर' म्हणून येणारा कायामा एइझाएमोन प्रत्यक्षात बुग्यो या ठाणेदाराच्या हाताखालचा योरिकी, म्हणजे अंमलदार. पेरी वरिष्ठाशीच बोलेन म्हणून अडून बसला, तेव्हा जपान्यांनी अंमलदाराला मोठं पद लावून पुढे केलं. किनाऱ्यावर पत्र घेणारे 'प्रिन्स'सुद्धा बुग्यो होते. पत्र लिहिलेलं 'सम्राटाला', घेतलं शोगुनच्या, म्हणजे प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या लष्करी शासकाच्या, सरकारने. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावचं पत्र पुण्याला पेशव्यांच्या कचेरीत उघडलं जावं तसं. १८५४ मध्ये मात्र पेरीसमोर खरोखर मोठा माणूस बसला: हायाशी अकिरा, शोगुनच्या विद्यापीठाचा प्रमुख आणि परराष्ट्र व्यवहारांच्या जुन्या नोंदींचा प्रचंड संग्रह करणारा संपादक. त्याच्याशी बोलताना पेरी जहाज फुटलेल्या खलाशांचा मुद्दा लावून धरतो, आणि हायाशी शांतपणे विचारतो की माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तर त्यात व्यापार कुठे आला. हे जपानी बाजूच्या नोंदीत आहे, आणि तहात व्यापाराचं कलम आलंही नाही. शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं, खलाशांना संरक्षण, लाकूड-पाणी-कोळसा, एवढ्यावर निभावलं. अकरावं कलम दोन्ही भाषांत वाचा: अठरा महिन्यांनंतर वकील नेमता येईल, इंग्रजी मजकुरात 'दोहोंपैकी एका सरकारला' गरज वाटली तर, जपानी मजकुरात दोन्ही सरकारांना वाटली तर. अमेरिकेचा वकील टाउनसेंड हॅरिस १८५६ मध्ये शिमोदाला उतरला तेव्हाचा सगळा वाद या फरकातून आला.

ग्रंथाच्या प्रती पाहताना एक व्यावहारिक सूचना. वॉशिंग्टनची सरकारी आवृत्ती तीन खंडांची, हाउस आणि सिनेट यांच्यासाठी वेगवेगळ्या छापखान्यांत छापलेली. अॅपल्टन या प्रकाशकाची १८५६ ची आवृत्ती एकाच खंडाची. पान क्रमांक उद्धृत करताना कोणती ते लिहा. विल्यम हाइनच्या चित्रांवरून केलेल्या शिळाछापांत शिमोदाच्या सार्वजनिक स्नानगृहाचं चित्र आहे, जे अनेक प्रतींतून वगळलं गेलं. ते नसलेली प्रत अपुरी समजून फेकू नका. दुसऱ्या खंडात लुओ सेन या कँटनच्या माणसाच्या चिनी रोजनिशीचं इंग्रजी भाषांतर आहे. तो विल्यम्सच्या मदतीला होता आणि जपानी अधिकाऱ्यांशी चिनी लिपीत लिहून संवाद करत होता. बहुतेक वाचक तो खंड मासे, पक्षी आणि नकाशे यांचा म्हणून बाजूला ठेवतात, आणि हा साक्षीदार हातचा जातो. हॉथॉर्नची टिपणवही पाहायची तर १८७० ची, त्याच्या पत्नीने कापून-सुधारून छापलेली आवृत्ती नको. १९४१ ची रँडल स्ट्युअर्टने संपादित केलेली घ्या.

एक माणूस या सगळ्याच्या मध्ये उभा आहे आणि त्याच्यावर अमेरिकी साहित्याच्या अभ्यासात फार थोडं लिहिलं जातं: नाकाहामा मांजिरो. १८४१ मध्ये चौदा वर्षांचा हा कोळी एका ओसाड बेटावर अडकला. 'जॉन हाउलंड' या शिकारी जहाजाच्या कप्तान विल्यम व्हिटफील्डने त्याला वाचवलं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला घरी नेलं. त्याच वर्षी जानेवारीत मेलव्हिल 'अकुश्नेट' जहाजावरून त्याच फेअरहेवनमधून देवमाशांच्या शिकारीला निघाला होता. मांजिरो तिथे शाळेत गेला, नौकानयन शिकला, व्हेल-शिकारी झाला आणि १८५१ मध्ये र्युक्यूला उतरून कैद होऊन घरी पोचला. कावादा शोर्यो या चित्रकार-विद्वानाने त्याची हकीकत ऐकून १८५२ मध्ये सचित्र हस्तलिखित तयार केलं. 'मोबी-डिक'नंतर वर्षभरात, न्यू इंग्लंडच्या व्हेल-शिकारीचं आतून पाहिलेलं दुसरं वर्णन जपानी भाषेत तयार झालं होतं. पेरी आल्यावर सरकारने मांजिरोला एडोला बोलावलं, पण अमेरिकनांचा मिंधा असेल या संशयाने वाटाघाटींच्या खोलीत बसू दिलं नाही. दोन हकिगती शेजारी ठेवून वाचण्याचं काम अजून पुष्कळ बाकी आहे. ज्यांना संशोधनाचा विषय हवा आहे त्यांनी तिथे हात घालावा.

शेवटचा टप्पा १८६० चा. हॅरिसच्या व्यापारी तहाच्या मंजूर प्रतींची अदलाबदल करण्यासाठी जपानचे दूत अमेरिकेला आले ते 'पौहॅटन'वरून, म्हणजे १८५४ मध्ये पेरीचं निशाण जिच्यावर होतं तीच आगबोट. सोबतच्या 'कानरिन मारू'वर मांजिरो आणि पुढे विचारवंत म्हणून गाजलेला फुकुझावा युकिची होते. दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोत नोआ वेब्स्टरच्या शब्दकोशाची एकेक प्रत विकत घेतली. १६ जूनला दूतांची मिरवणूक ब्रॉडवेवरून गेली. वॉल्ट व्हिटमनची त्यावरची कविता २७ जूनला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'दि एरँड-बेअरर्स' या नावाने आली, पुढे १८६५ च्या 'ड्रम-टॅप्स'मध्ये 'अ ब्रॉडवे पेजंट' झाली. दोन तलवारी लावलेले, उघड्या बग्ग्यांत मागे टेकून बसलेले, भावहीन चेहऱ्यांचे दूत त्यात दिसतात, तोफांच्या सलामीचा धूर दिसतो, आणि आशिया जगाची आई म्हणून येते. वर्तमानपत्रातला पाठ आणि पुस्तकातला पाठ वेगळे आहेत, दोन्ही ताडून पाहा. पेरीचं नाव कवितेत नाही. तो ४ मार्च १८५८ लाच गेला होता.